फ्रेममधल्या जुन्या लष्करी विमानांच्या फोटोंना वारंवार लाटा का येतात, आणि त्या कायमच्या कशा थांबवाव्यात

दुसऱ्या महायुद्धातील स्पिटफायर, मस्टँग, लँकेस्टर किंवा डकोटा अशा विमानांचे जुने कृष्णधवल फोटो फ्रेम करून भिंतीवर लावणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. फ्रेम नवी असताना फोटो अगदी सपाट दिसतो. पहिले दमट दिवस सरता सरता आकाशाच्या भागात मंद लाटा उमटू लागतात आणि कालांतराने फोटोचा एखादा भाग काचेला टेकतो. मग फ्रेम उघडली जाते, फोटो दाबून सरळ केला जातो आणि चारही बाजूंना नवी टेप लावून अधिक घट्ट बसवला जातो. काही महिने बरे जातात आणि लाटा परत येतात, बहुतेक वेळा पहिल्यापेक्षा खोल. पुढच्या खेपेस डबल टेप लागते, त्यापुढच्या खेपेस गोंद येतो, आणि शेवटी फोटो कायमचा पुठ्ठ्यालाच चिकटवून टाकण्याचा सल्ला मिळतो. ही सगळी धडपड आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी आहे. हवेतील ओलाव्याबरोबर फोटोचा कागद वाढणार आणि आकसणार, हे गृहीतच धरायला हवे; त्या हालचालीला फ्रेमच्या आत जागा ठेवलेली नसते, हे खरे दुखणे आहे. म्हणून प्रत्येक वेळी फोटो अधिक घट्ट बसवल्याने त्रास कमी न होता वाढतो.

पुढील विवेचन मुख्यतः या एका तक्रारीविषयी आहे. तिच्यासारख्या दिसणाऱ्या, परंतु कारणे वेगळी असलेल्या काही तक्रारी शेवटाकडे घेतल्या आहेत.

विमानांच्या फोटोंतच हे लवकर का दिसते

गर्दीच्या रस्त्याचा किंवा झाडीचा फोटो थोडा फुगला तरी ते पटकन लक्षात येत नाही, कारण नजर तपशिलांत गुंतते. विमानाच्या फोटोत निम्म्याहून अधिक भाग एकसारख्या करड्या आकाशाचा असतो आणि त्या मोकळ्या पृष्ठभागावर लाटेचा उजेड व सावली लगेच उठून दिसते. शिवाय विमान हे सरळ रेषांचे बनलेले असते. मस्टँगच्या पंखाची पुढची सरळ कड, लँकेस्टरच्या धडाची लांब पाठ, धावपट्टीच्या टोकाचे क्षितिज, या रेषांमध्ये कागद जरा जरी उचलला गेला तरी बाजूने पाहताना रेष वाकलेली दिसते. स्पिटफायरचा लंबवर्तुळाकार पंख त्या मानाने लाट झाकतो, त्यामुळे अशा फोटोत आकाशाकडेच पाहावे लागते.

लाट नक्की कुठे आहे हे समोरून कळत नाही. खोलीतील दिवे मालवून एक छोटा टॉर्च फ्रेमच्या कडेला, काचेला जवळजवळ समांतर धरला की फोटोचा पृष्ठभाग डोंगरदऱ्यांच्या नकाशासारखा उलगडतो. असा तिरपा प्रकाश चारही बाजूंनी टाकून पाहावा आणि जे दिसेल त्याचा मोबाइलने फोटो काढून ठेवावा. पुढे केलेला उपाय लागू पडला की नाही, हे त्या नोंदीवरूनच ठरवता येते. डोळ्यांची आठवण याबाबतीत फारशी भरवशाची नसते.

आधी फोटोचा कागद ओळखावा

उपाय कागदाच्या जातीवर अवलंबून आहे, त्यामुळे ही पायरी टाळू नये. युद्धकाळातील आणि त्यानंतरच्या सुमारे दोन दशकांतील बहुतेक कृष्णधवल प्रिंट फायबर कागदावर आहेत. या कागदावर प्रथम बेरियम सल्फेटचा पांढरा थर असतो, त्याला बॅरायटा म्हणतात, आणि त्यावर चांदीचे सूक्ष्म कण धरून ठेवणारा जिलेटिनचा थर असतो. हा कागद पाठीमागून साध्या जाड कागदासारखा लागतो आणि मोकळा ठेवला तर चित्राच्या बाजूला वळतो. दुसरा प्रकार रेझिन-कोटेड म्हणजे आरसी कागद. यात कागदाच्या दोन्ही बाजूंना पॉलिथिनचा पातळ थर असतो, पाठ गुळगुळीत व किंचित प्लॅस्टिकसारखी लागते. रंगीत प्रिंटमध्ये हा कागद १९६० च्या दशकाच्या अखेरीस आणि कृष्णधवल प्रिंटमध्ये १९७० च्या दशकात रुळला. त्यामुळे पाठ प्लॅस्टिकसारखी असलेला, युद्धकाळातील म्हणून मिळालेला विमानाचा फोटो हा नंतर काढलेला प्रिंट आहे असे समजावे. तिसरा प्रकार म्हणजे संग्रहालयाच्या किंवा अभिलेखागाराच्या स्कॅनवरून काढलेला आजचा इंकजेट प्रिंट. भिंतीवर दिसणारी बरीचशी जुनी विमाने याच प्रकारातली असतात.

लाटांचा त्रास सर्वांत जास्त फायबर कागदाला होतो, कारण त्याच्यात ओलावा सहज ये-जा करतो. आरसी कागद त्या मानाने सपाट राहतो, पण त्याची स्वतःची वेगळी दुखणी आहेत.

पाणी नेमके कुठे मुरते

हवेतील सापेक्ष आर्द्रता वाढली की कागदाचे तंतू फुगतात आणि कागद मुख्यतः तंतूंच्या आडव्या दिशेने वाढतो. जिलेटिनही फुगते, परंतु कागदापेक्षा वेगळ्या प्रमाणात. हवा कोरडी झाली की दोन्ही आकसतात आणि जिलेटिनची ओढ अधिक असल्याने प्रिंट चित्राच्या बाजूला वळू पाहतो. मोकळ्या प्रिंटला यातून कोणतीही इजा होत नाही. कडा टेपने किंवा चौकटीच्या दाबाने जखडलेल्या असतील, तर वाढलेली लांबी बाहेर जाऊ शकत नाही आणि ती पृष्ठभागाबाहेर उचलली जाते.

हे किती घडू शकते याचा अंदाज साध्या भूमितीने येतो, आणि तो आश्चर्यकारक आहे. जुने प्रेस प्रिंट बहुधा ८ × १० इंचांचे असतात, म्हणजे लांब बाजू सुमारे २५० मिलिमीटर. या लांबीत फक्त १ मिलिमीटरची वाढ झाली आणि दोन्ही टोके जखडलेली असली, तर ती वाढ सामावण्यासाठी कागदाला मधोमध जवळजवळ १० मिलिमीटर उंच कमान करावी लागेल. समोर काच असल्याने एवढी मोठी कमान शक्य नसते, म्हणून कागद पाच लहान लाटा करतो. तरीही प्रत्येक लाट सुमारे २ मिलिमीटर उंच होते. आता फोटो आणि काच यांमधल्या अंतराचा विचार करा. नेहमीच्या चार पदरी माउंटची, म्हणजे फोटोभोवतीच्या पुठ्ठ्याच्या खिडकीची जाडी सुमारे १.४ मिलिमीटर असते. म्हणजे लाटेचा माथा काचेला टेकणार हे आधीच ठरलेले आहे. माउंट नसेल आणि फोटो थेट काचेमागे असेल तर टेकायला तेवढेही अंतर लागत नाही.

काचेला टेकलेला भाग ही पुढच्या नुकसानीची सुरुवात असते. आर्द्रता ७० टक्क्यांच्या पुढे राहिली तर जिलेटिन मऊ व चिकट होते, काचेच्या सपाट पृष्ठभागाचा ठसा घेते आणि त्या जागी चकचकीत, ओलसर दिसणारा डाग उमटतो. हवा कोरडी झाल्यावर तो भाग काचेला धरून बसू शकतो.

लाटा वाचायला शिकावे

लाटांची जागा कारण सांगते. चारही कडांपासून आत येणाऱ्या आखूड लाटा म्हणजे कडा चारही बाजूंनी चिकटवलेल्या आहेत. लाटा फक्त कोपऱ्यांतून तिरप्या निघत असतील तर कोपऱ्यांवर टेपचे तुकडे आहेत किंवा कोपऱ्याचे खिसे फार घट्ट आहेत. फोटोच्या मध्यातून आडवी किंवा उभी एकच मोठी लाट जात असेल, तर बहुतेकदा प्रिंट फ्रेमच्या खोबणीत कडेपर्यंत भरून बसवलेला असतो आणि त्याला वाढायला बाजूला जागा नसते. खालची कड एका बाजूला वाकडी झाली असेल तर वरचा एखादा आधार सुटून फोटो घसरला आहे. लाटा केवळ एका बाजूला, भिंतीच्या कोपऱ्याकडे किंवा खिडकीकडे असतील, तर फ्रेमपेक्षा भिंतीकडे आधी पाहावे.

जुन्या प्रेस प्रिंटमध्ये आणखी एक खूण आढळते आणि ती फसवी आहे. आकाशाच्या भागात पोस्टकार्डाएवढा किंवा त्याहून लहान, सरळ कडांचा आयत उठून दिसतो आणि कितीही सपाट केले तरी तो जात नाही. अशा वेळी फोटोच्या पाठीवर जवळजवळ निश्चितपणे कागदाची चिठ्ठी डकवलेली असते. वृत्तसंस्था फोटोबरोबर विमानाचे नाव, तुकडी, ठिकाण व तारीख टंकलिखित करून ती चिठ्ठी मागे चिकटवत, आणि युद्धकाळातील प्रिंटवर तिच्याशेजारी सेन्सॉरचा शिक्काही असे. चिठ्ठीचा कागद आणि तिचा गोंद हे फोटोच्या कागदापेक्षा वेगळ्या प्रमाणात फुगतात, त्यामुळे तिची बाह्यरेषा समोर उमटते. चिठ्ठी काढून टाकण्याचा मोह येथे कटाक्षाने आवरावा. हा फोटो कोणत्या विमानाचा, कधीचा आणि कोणी प्रसृत केलेला याचा तो एकमेव पुरावा असू शकतो. तो गेला की उरते ते एका अनामिक विमानाचे चित्र. मागच्या आधारपुठ्ठ्यात चिठ्ठीच्या आकाराची उथळ जागा कापून घेतली की तिची जाडी मागे सामावते आणि समोरचा आयत बराच सौम्य होतो. उरलेला सौम्य ठसा तसाच राहू द्यावा असे माझे स्पष्ट मत आहे.

फोटो काचेला चिकटला असेल तर

येथे घाई सर्वांत महागात पडते. फोटो काचेवरून ओढून काढू नये. जिलेटिनचा थर काचेवर राहील आणि कागद हातात येईल. मध्ये सुरी, दोरा किंवा ब्लेड घालू नये. काच तापवू नये आणि पाण्याचा प्रयोग घरी करू नये, कारण काही कृष्णधवल प्रिंट पाण्यात सुटतात हे खरे असले तरी रंगीत प्रिंट, इंकजेट प्रिंट आणि भेगा गेलेले जिलेटिन यांचे पाण्यात अपरिमित नुकसान होते.

प्रथम फ्रेम भिंतीवरून काढून, काच खाली येईल अशी आडवी ठेवावी, म्हणजे चिकटलेल्या भागावर फोटोच्या वजनाची ओढ येणार नाही. मागचा बोर्ड अलगद काढून फोटो आणि काच एकत्रच बाहेर घ्यावेत. मग काचेसकट फोटो स्कॅन करावा किंवा दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे लावून कॅमेऱ्याने टिपावा. दिव्यांवर आणि लेन्सवर एकमेकांना काटकोनात पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेने कंपणारा प्रकाश जाऊ देणारी गाळणी, लावले तर काचेवरची झळाळी जवळजवळ नाहीशी होते. प्रत हाती आल्यानंतर मूळ फोटो काचेसहित, आडवा, कोरड्या जागी ठेवून छायाचित्र-संवर्धकाकडे द्यावा. दुर्मीळ फोटोच्या बाबतीत मी याखेरीज दुसरा कोणताही मार्ग सुचवणार नाही.

दुरुस्तीचा खरा क्रम

फोटो मोकळा असेल तर काम स्वच्छ, मोठ्या टेबलावर आणि शक्यतो मध्यम आर्द्रतेच्या दिवशी करावे. ४० ते ५० टक्के ही चांगली पातळी आहे. ही गोष्ट दिसते त्यापेक्षा महत्त्वाची आहे. ओल्या हवेत माउंट, बोर्ड आणि फोटो बंद केले तर तो ओलावा फ्रेमच्या आतच कोंडला जातो आणि भिंत थंड झाली की आतल्या आत फिरू लागतो. म्हणून नवे पुठ्ठे, बोर्ड आणि फोटो त्या कोरड्या खोलीत एक-दोन दिवस मोकळे पडू द्यावेत, आणि मगच फ्रेम बंद करावी.

जुनी टेप काढताना पुठ्ठा कापून फोटो सोडवावा, फोटोवरून टेप ओढू नये. टेपचा तुकडा फोटोच्या पाठीवर घट्ट बसला असेल तर त्याच्याभोवतीचा पुठ्ठा कापून टेप तशीच राहू द्यावी. चित्राच्या बाजूला असलेल्या टेपला घरी हातच लावू नये.

सुटलेला प्रिंट लगेच पुन्हा बसवला तर सगळा खटाटोप वाया जातो. तो चित्राच्या बाजूवर सिलिकॉनचा न चिकटणारा कागद आणि पाठीवर टीपकागद ठेवून, दोन सपाट बोर्डांमध्ये हलक्या वजनाखाली ठेवावा. वजन म्हणजे दोन-तीन पुस्तके पुरेत. टीपकागद अधूनमधून बदलावा. यात इस्त्री, वाफ आणि पाण्याचा फवारा यांना जागा नाही. फायबर प्रिंट ओलावा मुद्दाम देऊन सपाट करण्याची पद्धत संवर्धक वापरतात, पण जिलेटिन किती मऊ झाले हे ओळखण्याची सवय नसलेल्या माणसाने ती करू नये. काही आठवड्यांनंतरही थोडी लहर राहिली तर ती राहू द्यावी. ऐंशी वर्षांचा कागद काचेच्या पट्टीसारखा सपाट असावा ही अपेक्षाच अनेक फोटोंचा घात करते, कारण तिच्यापायीच गरम दाबाने कायमचे चिकटवण्याचा निर्णय घेतला जातो. तसे चिकटवलेला प्रिंट परत सोडवणे बहुधा अशक्य असते, आणि पाठीवरचे शिक्के व चिठ्ठ्या कायमच्या झाकल्या जातात.

आता बसवण्याकडे येऊ. फायबर प्रिंट फक्त वरच्या कडेने टांगावा. कोझो तंतूंच्या पातळ जपानी कागदाच्या दोन लहान पट्ट्या गव्हाच्या स्टार्चच्या खळीने फोटोच्या पाठीला वरच्या कडेजवळ लावाव्यात आणि त्यांचे दुसरे टोक मागच्या पुठ्ठ्याला चिकटवावे. खळ अगदी थोडी आणि घट्टसर असावी, नाहीतर तिच्याच ओलाव्याने तेथे फुगवटा येतो. खालची कड आणि दोन्ही बाजू पूर्ण मोकळ्या राहतात, आणि कागद वाढला की तो खाली व बाजूला सरकतो, उचलला जात नाही. आरसी प्रिंटच्या पॉलिथिनवर खळ नीट धरत नाही. त्याला कोपऱ्यांत पॉलिएस्टरचे पारदर्शक खिसे वापरावेत आणि प्रत्येक खिशात मिलिमीटरभर सैलपणा ठेवावा. पाठीवर लेखन असलेल्या लहान फायबर प्रिंटलाही मी खिसेच पसंत करतो, कारण त्यात फोटोला काहीही चिकटत नाही.

माउंटच्या बाबतीत दोन मापे सांभाळावीत. माउंटची खिडकी फोटोच्या कडेवर चारही बाजूंनी ३ ते ५ मिलिमीटर यावी, पण फोटो तिच्या मागे दाबून धरलेला नसावा. दुसरे माप खोलीचे आहे. वर मांडलेल्या हिशेबावरून दिसते की चार पदरी माउंट अपुरा पडतो; आठ पदरी माउंट वापरावा किंवा फ्रेमच्या खोबणीत ३ ते ५ मिलिमीटर जाडीची अंतरपट्टी लावून काच दूर सारावी. जखडलेल्या फोटोला ही जागाही अपुरी पडू शकते, पण वरून टांगलेल्या फोटोला ती सहज पुरते. पुठ्ठा छायाचित्रांसाठी तपासलेला असावा. आयएसओ १८९१६ या मानकात वर्णन केलेली छायाचित्र-क्रिया चाचणी उत्तीर्ण झालेला पुठ्ठा फोटोवर डाग पाडत नाही. केवळ आम्लमुक्त असे लिहिलेले असणे पुरेसे नाही.

मागचा बोर्ड ही बहुतेक फ्रेमची सर्वांत कच्ची बाजू असते. एमडीएफ, हार्डबोर्ड आणि प्लायवूड यांतून आम्लयुक्त वायू आणि फॉर्मल्डिहाइड बाहेर पडतात, शिवाय ते ओलावा धरून ठेवतात. त्यांच्या जागी तपासलेल्या पुठ्ठ्याचे दोन थर घ्यावेत आणि त्यामागे पॉलिएस्टरची किंवा ॲल्युमिनियमयुक्त पातळ पटल घालावी, म्हणजे भिंतीकडून येणारा ओलावा मंदावतो. हा सगळा संच फ्रेमच्या खोबणीत बाजूंना २ ते ३ मिलिमीटर मोकळा राहिला पाहिजे. काचेऐवजी ॲक्रिलिक वापरायचे असेल तर ही मोकळीक आणखीच गरजेची आहे, कारण ॲक्रिलिक एका मीटरला दर अंशामागे सुमारे ०.०७ मिलिमीटर वाढते आणि जागा नसेल तर स्वतःच आत वाकून फोटोला टेकते. ॲक्रिलिक अमोनियाच्या द्रावणाने पुसू नये.

भिंत

फ्रेम निर्दोष असूनही लाटा येत असतील तर भिंत तपासावी. बाहेरच्या बाजूची भिंत खोलीपेक्षा थंड असते आणि तिच्यालगतची हवाही थंड होते. खोलीत २५ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल आणि भिंतीचा पृष्ठभाग २० अंशांचा असेल, तर भिंतीलगतच्या हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते. मधल्या टेबलावरचा आर्द्रतामापक चांगला आकडा दाखवत असतो आणि फोटोची पाठ मात्र चिकट हवेत असते. म्हणून मापक फ्रेमच्या मागे, भिंतीला टेकवून ठेवावा आणि पहाटेचा आकडा पाहावा.

फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांना रबराच्या किंवा फेल्टच्या जाड गुंड्या लावून ती भिंतीपासून ५ ते १० मिलिमीटर दूर ठेवली की मागे हवा खेळते. पहाटेचा आकडा तरीही ६५ टक्क्यांपुढे राहत असेल तर जागा बदलावी, कारण त्या पातळीच्या पुढे बुरशीही धरते. स्नानगृहाच्या सामायिक भिंतीवर, वातानुकूलन यंत्राच्या थेट झोतात आणि फ्रेमला चिकटून असलेल्या तापणाऱ्या दिव्याखाली मूळ प्रिंट लावू नये. दिवा रोज लागतो आणि विझतो, आणि त्याबरोबर फोटो रोज कोरडा होऊन पुन्हा ओला होतो.

लाटा नसलेली, पण तशीच वाटणारी दुखणी

काळ्या भागांवर तिरप्या उजेडात निळसर, पाऱ्यासारखी झाक दिसत असेल तर ती चांदीची आहे. जिलेटिनमधील चांदी ऑक्सिडीकरणाने पृष्ठभागाकडे सरकून तेथे पुन्हा धातुरूपात साचते. फ्रेम बदलून ती झाक जात नाही, परंतु एमडीएफ आणि ताज्या रंगाचे वायू काढून टाकले तर तिची वाढ मंदावते. सुरुवातीच्या काळातील आरसी प्रिंट घट्ट बंद फ्रेममध्ये उजेडात ठेवले की त्यांत ही झाक आणि नारिंगी-तांबूस ठिपके लवकर येतात, कारण प्रकाशामुळे पॉलिथिनच्या थरात तयार होणारी ऑक्सिडीकारक द्रव्ये आतच कोंडतात. असे प्रिंट भिंतीवर लावूच नयेत.

उजळ भाग पिवळे पडत असतील तर प्रिंट धुताना हायपो, म्हणजे चित्र पक्के करणारे रसायन, पुरता निघाला नसण्याची शक्यता मोठी आहे. घाईने काढलेल्या प्रेस प्रिंटमध्ये हे सर्रास आढळते. रंगीत प्रिंटमध्ये निळसर-हिरवा रंग उतरून विमान तांबूस दिसू लागते. दोन्ही बाबतींत फ्रेम निर्दोष असू शकते.

विमानप्रेमींनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ब्रिटिश विमानाच्या धडावरील वर्तुळचिन्हातील पिवळे बाह्य वलय काही फोटोंत जवळजवळ काळे आणि निळे वलय फिकट दिसते. तो प्रिंट खराब झालेला नसून मूळ फोटो ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर घेतलेला असतो. ही फिल्म लाल रंगाला आंधळी असते, पिवळ्याला कमी आणि निळ्याला जास्त प्रतिसाद देते. प्रत काढताना ते दुरुस्त करू पाहणे म्हणजे कागदोपत्री पुराव्यात फेरफार करणे होय.

नव्या इंकजेट प्रतीच्या फ्रेममध्ये काचेच्या आतून धुरकट थर येतो आणि कधी कधी त्यात विमानाची उलटी छाया दिसते. तो शाईतील ग्लायकॉलसारख्या द्रवांचा बाष्परूपाने साचलेला थर असतो. प्रिंट काढल्यावर तो एक-दोन तास मोकळा ठेवावा, नंतर त्यावर साधा न चमकणारा कागद पसरून दिवसभर ठेवावा, कागद लहरला तर नवा टाकावा, आणि कागद सपाट राहू लागल्यावरच फ्रेम बंद करावी.

मूळ प्रिंट भिंतीवर हवाच का

शिक्के आणि चिठ्ठी असलेला मूळ प्रिंट अंधाऱ्या, कोरड्या जागी पेटीत ठेवून भिंतीवर त्याची प्रत लावावी, या मताचा मी आहे. ८ × १० इंचांचा प्रिंट ६०० पीपीआयने, म्हणजे दर इंचाला ६०० पिक्सेल या घनतेने, स्कॅन केला तर ४८०० × ६००० पिक्सेल मिळतात आणि त्यातून ३०० पीपीआयने १६ × २० इंचांची प्रत काढता येते, म्हणजे भिंतीवर मूळ फोटोच्या दुप्पट रुंदीचे विमान. पाठीचाही स्कॅन घ्यावा. प्रत फ्रेम करतानाही वर सांगितलेली मोकळीक आणि अंतर ठेवावेच. सुती कागदावरची इंकजेट प्रत कडांनी जखडली तर तीही फुगते.

एवढे करूनही पुढच्या दमट दिवसांत लाटा दिसल्या तर फ्रेम लगेच उघडू नये. आधी टॉर्चच्या तिरप्या उजेडात घेतलेल्या जुन्या नोंदीशी तुलना करावी. लाट मंद असेल, काचेपासून दूर असेल आणि हवा कोरडी झाल्यावर मावळत असेल, तर फोटो मोकळेपणाने हलतो आहे आणि काहीही करण्याची गरज नाही. लाट एकाच जागी राहत असेल तर वरचा एखादा आधार घट्ट झाला आहे किंवा प्रिंटची कड खोबणीला अडते आहे. फ्रेम कोरड्या दिवशी उघडून तेवढेच दुरुस्त करावे. आणि लाट दर वेळी काचेच्या जवळ येत असेल तर फ्रेम त्याच दिवशी भिंतीवरून उतरवून, अंतरपट्टी वाढवल्यानंतरच पुन्हा लावावी.